कलमबाग, कीर्द आणि पाळणा

ज्या घरांत पाळणा बांधला जातो, त्या घरांतील काळ मोजण्याची रीतच पालटते. कालपर्यंत एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंतचा हिशेब पाहणारा गृहस्थ एकाएकीं वीस वर्षांपुढचा विचार करूं लागतो. मूल शाळेंत केव्हां जाईल, त्याचें शिक्षण केव्हां पुरें होईल, त्या वेळीं आपलें वय काय असेल आणि हातांत पैसा किती असेल, असे प्रश्न त्याला रात्रीं जागवितात. त्यांतून तो मुळांतच भांडवल घालून त्याच्या उत्पन्नावर दृष्टि ठेवणारा, म्हणजे आजच्या भाषेंत गुंतवणूकदार असला, तर मग बोलावयासच नको. शेअरांच्या भावांत, व्याजाच्या दरांत आणि दुकानाच्या नफ्यांत जी बुद्धि त्यानें आजवर चालविली, तीच तो आतां पाळण्याकडे वळवितो. या वळणावर त्याच्या मनांत येणारे विचार त्याच्या एकट्याचे नसतात. रत्नागिरी जिल्ह्यांत तर त्यांना पिढ्यान् पिढ्यांचा इतिहास आहे. त्या इतिहासांतील कांहीं घरांत डोकावून पाहिलें, तर मुलासाठीं ठेवावयाचें म्हणजे नेमकें काय ठेवावयाचें, याचा थोडाबहुत उलगडा होईल.

रत्नागिरीची भूमि भांडवलाला सहज वश होणारी नव्हे. जांभ्या दगडाचे सडे, डोंगरउतारावर भातशेतीचे लहान लहान तुकडे, आणि पाऊस पुष्कळ असला तरी चार महिन्यांत समुद्रास जाऊन मिळणारा. अशा जमिनीवर वाढत्या कुटुंबाचा निर्वाह होईना, म्हणून येथील पुरुष मुंबईस गेला. कोणी गिरणींत, कोणी गोदींत, कोणी कचेरींत चाकरी धरली. आणि चाकरमानी हा शब्द कोंकणच्या संसाराचा आधारस्तंभ होऊन बसला. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीची सोय सुरू केल्यावर तर मुंबईंत मिळविलेला रुपया गांवच्या उंबऱ्यापर्यंत पोंचण्यास सुरक्षित वाट मिळाली. बाप मुंबईस आणि मूल गांवीं, अशी विभागणी शेंकडों घरांत झाली. मूल बापाला ओळखीत असे तें शिमग्याच्या आणि गणपतीच्या दिवसांत. एरवीं त्याचा बाप म्हणजे महिन्याकांठीं येणारा टपालवाला! संसाराच्या खर्चांतून जें कांहीं उरे तें तीन ठिकाणीं जाई. एक घर बांधण्यांत, दुसरें बायकोच्या अंगावरील सोन्यांत, आणि तिसरें कलमांच्या बागेंत.

या तिसऱ्या गुंतवणुकीकडे विशेष लक्ष देण्यासारखें आहे. मराठी भाषेंत कलम या शब्दाचे अर्थ अनेक. आंब्याचें लावतात तें कलम, लिहावयाची लेखणी तीही कलम, आणि जमाखर्चांत मांडलेली बाबही कलमच. हापूसचें कलम लावणाऱ्या माणसाला या तिन्ही अर्थांशीं संबंध ठेवावा लागतो. रोप लावल्यावर पहिलीं पांच-सहा वर्षें केवळ खर्चाचीं. खड्डा खणणें, माती भरणें, कुंपण घालणें, उन्हाळ्यांत पाणी देणें, कलमाच्या जोडाखालीं फुटणारे रानटी धुमारे काढीत राहणें, हें सारें करावें आणि फळाचें नांवही काढूं नये. नंतर हळूहळू फळ धरूं लागतें. दहा-बारा वर्षांनीं झाड भरांत येतें आणि नीट जोपासना झाल्यास पुढें कित्येक दशकें टिकतें. त्यांतही हापूसचा स्वभाव असा कीं, एका वर्षीं भरभरून दिलें तर दुसऱ्या वर्षीं हात आखडता घ्यावयाचा. मोहोर आला तरी तुडतुडे, ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस यांतून जें वांचेल तेवढेंच मालकाचें.

दहा मीटर अंतर ठेवून लावलीं तर एका हेक्टरांत शंभर कलमें बसतात. हें जुनें परिमाण. अलीकडे त्याहून दाट लागवडीचीही शिफारस होते. दापोली येथें १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें, तेथील संशोधनानें कोय कलमाची पद्धति शेतकऱ्यांच्या हातीं दिली, आणि १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशीं जोडून फळबागांना सरकारी साहाय्य मिळूं लागल्यावर ओसाड सड्यांवरही बागा उभ्या राहिल्या. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षणही मिळालें. तात्पर्य, मुलाच्या बारशाच्या वर्षीं लावलेलें कलम तें मूल पाटी-दप्तर घेऊन शाळेंत जाऊं लागतें तेव्हां पहिलें फळ दाखवितें, आणि मूल महाविद्यालयाच्या वयांत येतें तेव्हां पूर्ण उत्पन्न देऊं लागतें. बापाच्या वीस वर्षांच्या हिशेबाशीं इतकें तंतोतंत जुळणारें दुसरें भांडवल निसर्गांत क्वचितच आढळेल.

परंतु हीच बाग आणखी एक कडू गोष्ट शिकविते. लावणारा निवर्तला म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर वारसांचीं नांवें वाढत जातात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी परदेशांत. बाग कोणातरी व्यापाऱ्यास कराराने दिली जाते आणि येईल ती रक्कम वांटून घेतली जाते. सीमेचा दगड कोठें आहे, विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत आटतें, खालच्या अंगाचीं दहा झाडें दरवर्षीं उशिरां कां मोहोरतात, हें जाणणारा एकच माणूस होता आणि तो जातांना तें आपल्याबरोबर घेऊन गेला. मालमत्ता वारसाला मिळाली. मालमत्तेचें ज्ञान मात्र मिळालें नाहीं. येथें गुंतवणूकदाराच्या विचाराला पहिला खरा धक्का बसतो.

तो म्हणेल कीं, बागेची कटकट नको. पैसा पैशाच्याच रूपांत ठेवूं. या विचारांत चूक नाहीं. टपालखात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. पंधरा वर्षांच्या मुदतीचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधि १९६८ सालीं निघाला. आणि २०१५ सालीं मुलींसाठीं सुकन्या समृद्धि योजना आली. या शेवटच्या योजनेंत मुलीच्या वयाला दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंत खातें उघडावयाचें, पंधरा वर्षें रक्कम भरावयाची आणि खातें उघडल्यापासून एकवीस वर्षांनीं तें पूर्ण मुदतीचें व्हावयाचें. म्हणजे कायदे करणाऱ्यांनींही मुलाच्या वाढीचा आणि कलमाच्या वाढीचा काळ मनांत धरूनच जणू मुदती आंखल्या.

चक्रवाढ व्याजाचें सामर्थ्य समजण्यास मोठें गणित येण्याची आवश्यकता नाहीं. बहात्तर या अंकाला व्याजाच्या दरानें भागावें. जो भागाकार येईल तितक्या वर्षांत रक्कम सुमारें दुप्पट होते. दर आठ टक्के असेल तर नऊ वर्षें, सहा टक्के असेल तर बारा वर्षें. आतां एका बापानें मुलाच्या जन्माच्या वेळीं एक लाख रुपये आठ टक्क्यांनीं ठेवले, तर मूल अठरा वर्षांचें होतांना त्यांचे सुमारें चार लाख होतात. दुसऱ्या बापानें तेच लाख रुपये मुलाच्या नवव्या वाढदिवशीं ठेवले, तर त्याच वेळीं त्याच्या हातीं दोनच लाख येतात. दोघांची रक्कम एक, दर एक. उशीर मात्र दोन लाखांस पडला.

या हर्षांत एका उंदराचा विसर पडूं नये. तो उंदीर म्हणजे महागाई. बहात्तराचा नियम तिलाही लागू आहे. वस्तूंचे भाव दरवर्षीं सहा टक्क्यांनीं चढत राहिले, तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. वरील चार लाख रुपयांत अठरा वर्षांनंतर जें विकत घेतां येईल, तें आज सुमारें एक लाख चाळीस हजारांत मिळतें. आंकडा चौपट झाला, पण सत्त्व दीडपटही झालें नाहीं. आणि ज्यानें आपली ठेव सहा टक्क्यांनीं ठेविली, त्याला तर अठरा वर्षें चालून चालून पुन्हां निघाल्या जागींच उभें असल्याचा प्रत्यय येईल. म्हणूनच जो केवळ आंकड्याकडे पाहतो त्याला गुंतवणूकदार म्हणतां येत नाहीं. आंकड्यानें काय साधतें इकडे जो पाहतो तोच खरा गुंतवणूकदार.

येथवर धंद्याची बुद्धि पाळण्याच्या उपयोगी पडली. आतां जेथें ती अपुरी पडते तें स्थान पाहिलें पाहिजे. व्यापाऱ्याचें एक मुख्य सूत्र असें कीं, बुडीत खात्यांत पुन्हां पैसा घालूं नये. जो माल खपत नाहीं तो पडत्या भावानें काढून टाकावा. जो शेअर सावरत नाहीं तो विकून मोकळें व्हावें. धंद्यांत या सूत्राचें मोल फार आहे. परंतु पाळण्यांत तापानें फणफणलेलें मूल असतां हें सूत्र उच्चारण्याचें धैर्य कोणाला होईल? ज्या मुलाला अक्षर उशिरां लागतें, ज्याचे पाय अशक्त आहेत, त्याच्यावरच आईबाप अधिक वेळ, अधिक पैसा आणि अधिक माया खर्च करितात. व्यापाराच्या दृष्टीनें हा आतबट्ट्याचा व्यवहार. संसाराच्या दृष्टीनें हाच धर्म. आपल्याकडे मुलाला म्हातारपणची काठी म्हणतात. या म्हणण्यांत प्रेम असेल, पण त्यांत परताव्याची अपेक्षाही लपलेली आहे. मूल ही गुंतवणूक आणि वार्धक्यांतील सेवा हें तिचें व्याज, असा हिशेब ज्यानें मनांत धरला, त्याला पुढें कोणत्याही दरानें मिळालेलें व्याज कमीच वाटणार. म्हातारपणासाठीं वेगळी तरतूद करावी आणि मुलाला काठी न होतां माणूस होऊं द्यावें, हा शहाणपणाचा मार्ग होय.

मुलासाठीं पुष्कळ पैसा ठेवला म्हणजे कर्तव्य संपलें, असें मानणाऱ्यांनीं रत्नागिरींतील थिबा राजवाड्यासमोर क्षणभर उभें राहावें. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याचें राज्य इंग्रजांनीं १८८५ च्या अखेरीस घेतलें आणि पुढच्याच वर्षीं त्याला राणी सुपयालात व मुली यांच्यासह रत्नागिरीस आणून ठेविलें. या राजाला चार मुली होत्या. मंडालेहून बरोबर आणलेलीं माणकें आणि दागिने हें त्याचें भांडवल, आणि सरकारी तनखा हें त्याचें उत्पन्न. धंदा करावयाची त्याला मोकळीक नव्हती आणि त्या विद्येचा गंधही नव्हता. राजेपणाचा खर्च तनख्यांत भागेना. तेव्हां एक एक रत्न विकलें जाऊं लागलें, आणि कर्जही होत गेलें. खाडीकडे पाहणारा प्रशस्त राजवाडा १९१० सालीं पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत राजाचा देहांत झाला. १९१९ सालीं उरलेलें कुटुंब ब्रह्मदेशास परतलें.

या कथेंत सर्वांत करुण भाग राजाच्या हरवलेल्या रत्नांचा नव्हे, तर त्याच्या मुलींचा आहे. त्यांना ना राजघराण्यास साजेसें शिक्षण मिळालें, ना चार सामान्य मुलींसारखें पद्धतशीर शिक्षण मिळालें. योग्य वर मिळेनात म्हणून लग्नें लांबलीं. थोरली राजकन्या पुढें रत्नागिरीसच परत आली. तिची मुलगी येथल्याच मातींत मराठी बोलत वाढली, गरिबींत तिनें संसार केला, आणि २००० सालीं ती येथेंच वारली. राजाच्या दुर्दैवास परकी सत्ता कारण झाली हें उघड आहे, आणि बंदिवानाला दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि त्यांतून निघणारा बोध टाळतां येत नाहीं. माणकें पिढीला पुरलीं नाहींत. मुलींच्या हातांत एखादी विद्या असती तर ती पुरली असती. खर्चानें घटत जाणारें भांडवल आणि वापरानें वाढत जाणारें भांडवल यांतील भेद येथें डोळ्यांना दिसतो.

याच जिल्ह्यांत दुसऱ्या टोकाचेंही एक घर होऊन गेलें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा, आणि त्यांचें गांव दापोलीजवळचें मुरूड. घरची स्थिति बेताची. पोरवयांत एका परीक्षेस बसण्यासाठीं मुरूडचा हा मुलगा भर पावसांत घाट चढून शंभराहून अधिक मैल पायीं साताऱ्यास गेला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. आईबापांजवळ त्याला द्यावयास रोकड नव्हती. जाऊं देण्याची तयारी मात्र होती. पुढें तो गणित घेऊन पदवीधर झाला आणि १८९१ सालीं पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकवूं लागला.

कर्वे यांची पहिली पत्नी त्याच सुमारास निवर्तली. मागें लहानगा रघुनाथ होता. १८९३ सालीं त्यांनीं देवरुखकडील विधवा गोदूबाई जोशी यांच्याशीं पुनर्विवाह केला. याच पुढें आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली तेव्हां कर्वे यांनीं आपल्या शिलकेंतील एक हजार रुपये त्यासाठीं दिले. पुढें आपल्या आयुष्याच्या विम्याचें पत्रकही आश्रमाच्या नांवें करून टाकलें. विम्याचें पत्रक म्हणजे काय, तें कुटुंबवत्सल श्रोत्यांना सांगावयास नको. बाप गेला तर पाळण्यांतील मुलानें ज्या दोरीला धरावयाचें, ती दोरी. ती दोरी या बापानें आपल्या मुलांच्या हातून काढून परक्या मुलींच्या हातीं दिली.

महाराष्ट्रानें या त्यागाचा गौरव केला, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या घरांत एक आई होती. मुलें तिच्या पदरांत होतीं, आणि घरांत उद्यां काय शिजवावयाचें ही चिंता तिची होती. ज्या पैशावर मुलांचा हक्क आहे असें तिला वाटे, तो संस्थेकडे जातांना तिच्या जिवाची तगमग झाली. तिनें हातपाय गाळले नाहींत. सुइणीचें शिक्षण घेतलें, स्वतः मिळवूं लागली, आणि काटकसरीनें संसार सावरला. पतीच्या कार्यावर तिची निष्ठा होती. आश्रमासाठीं वर्गणी मागत तीही हिंडली. पण तिनें आपली तक्रार गिळून टाकली नाहीं. कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि बायांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं. एकाच संसाराचीं हीं दोन खातीं. एका खात्यांत समाजाच्या नांवें जमा दिसते. दुसऱ्यांत तीच रक्कम घराच्या नांवें खर्चीं पडलेली दिसते. दोन्ही वाचल्यावांचून ताळेबंद जुळत नाहीं.

मुलांचें काय झालें, असा प्रश्न गुंतवणूकदार विचारणारच. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेंत गेले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढें फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेंत राबले. रोख वारसा नसतांही चौघे आपापल्या पायांवर उभे राहिले. यावरून विमा काढूं नये किंवा मुलांसाठीं ठेवूं नये, असें अनुमान काढणें मात्र धोक्याचें आहे. महर्षींना १०४ वर्षांचें आयुष्य लाभलें. तें तिशींतच संपलें असतें तर बायांच्या तक्रारीची किंमत वेगळ्या रीतीनें कळली असती. खरा बोध असा कीं, घरचें भांडवल बाहेर द्यावयाचें असेल तर तो निर्णय दोघांनीं मिळून करावयाचा असतो. आणि मुलांना द्यावयाचें सर्वांत टिकाऊ भांडवल म्हणजे शिक्षण, तें त्या घरानें कमी पडूं दिलें नाहीं.

थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनीं तर या विषयाला आणखी एका अंगानें हात घातला. भांडवल घालतांना माणूस दहा वेळां विचार करितो, आणि मूल जन्मास घालतांना एकदांही करीत नाहीं, ही विसंगति त्यांना असह्य झाली. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. त्यापायीं नोकरीस मुकावें लागलें, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. मासिकाचा व्यवहार आतबट्ट्याचा होता. तरी १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ते लिहीत राहिले. त्यांना स्वतःचें अपत्य नव्हतें. पण अपत्य हेतुपूर्वक व्हावें, आईच्या इच्छेनें व्हावें, आणि जेवढीं नीट वाढवितां येतील तेवढींच व्हावीं, हा त्यांचा आग्रह आज घराघरांत न बोलतां मान्य झालेला आहे. ज्या लेखनांतून जन्मभर एक पैचा नफा झाला नाहीं, त्याचा लाभ पुढच्या पिढ्यांना मिळाला. हा कोणत्या दराचा परतावा म्हणावा?

या सर्व हिशेबांत एक बाब बहुधा लिहिलीच जात नाहीं. ती म्हणजे आईचे श्रम. नव्या बापाच्या वहींत डॉक्टरचें बिल असतें, औषधें असतात, दुधाचा रतीब असतो. पण रात्रीं पांच वेळां उठण्याचें कलम कोठेंच मांडलेलें नसतें. कायद्यालाही हें कलम मांडण्यास वेळ लागला. मुंबई इलाख्यांत कारखान्यांतील बायकांसाठीं बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ सालीं झाला. अखिल भारताचा कायदा १९६१ सालीं आला. आणि २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं पगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. शेतांत, बाजारांत आणि मच्छीच्या टोपलीमागें राबणाऱ्या बहुसंख्य बायकांपर्यंत ही सवलत पोंचत नाहीं, हेंही तितकेंच खरें. ज्या धंद्यांत एका भागीदाराचें भांडवल वहींत दाखविलेंच जात नाहीं, त्या धंद्याचा नफा खरा कसा मानावा? बायांनीं आपलें पुराण लिहिलें नसतें, तर कर्वे यांच्या संसारांतील निम्मी गुंतवणूक आज कोणाला ठाऊकही नसती.

येथें लेखणीचें महत्त्व ध्यानांत येतें. पूर्वीं आपल्याकडे दोन वह्या असत, रोजकीर्द आणि खतावणी. नव्या आईबापांनीं तिसरी एक वही घालावी. तिच्यांत पैसा किती ठेवला हें तर असावेंच. पण कां ठेवला, हें दोन ओळींत आणि तारखेसह असावें. अमुक जमीन कां घेतली, अमुक शेअर कां विकला, अमुक नातेवाइकास मदत करतांना काय विचार केला, कोणत्या गोष्टींत दोघांचा मतभेद झाला, तेंही असावें. मतभेद असल्यास दोघांचें म्हणणें दोघांच्या हस्ताक्षरांत असावें. जो निर्णय करण्याचें कारण दोन ओळींत लिहितां येत नाहीं, तो निर्णय बहुधा दुसऱ्याचें पाहून केलेला असतो, हा अनुभव लिहूं लागल्यावर थोड्याच दिवसांत येईल. शिवाय दहा वर्षांनंतर जुनें पान उलटलें म्हणजे मनुष्य आपल्याच बुद्धीला फसवूं शकत नाहीं. यश आलें तें आपल्या दूरदृष्टीनें कीं केवळ बाजाराच्या चढत्या वाऱ्यानें, याचा निवाडा त्या वेळचें हस्ताक्षरच करतें.

त्याच वहींत बाळाचीं नोंदही असूं द्यावी. पहिला दांत केव्हां आला, कोणती लस केव्हां टोंचली, कोणत्या शब्दानें बोलण्यास आरंभ झाला, कोणत्या आजारांत रात्र जागून काढली. व्यवहाराच्या कलमांशेजारीं हीं कलमें आलीं म्हणजे व्यवहार कशासाठीं चालला आहे याचें विस्मरण होत नाहीं. चाकरमान्यांच्या पिढीनें मनिऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी लिहून हेंच केलें. रक्कम संपली, पण कित्येक घरांत त्या चार ओळी पेटींत जपून ठेवलेल्या सांपडतात. पैशाबरोबर कारण आणि कारणाबरोबर माया पाठविण्याची ती एक साधी युक्ति होती.

मुलासाठीं ठेव अवश्य ठेवावी, आणि ती लवकर ठेवावी. बहात्तराचा नियम कोणाची वाट पाहत नाहीं. महागाईच्या उंदरावर लक्ष ठेवावें. जमत असेल तर चार कलमें लावावीं, कारण धीर शिकविणारा दुसरा गुरु नाहीं. परंतु ठेवीबरोबर ती सांभाळण्याची विद्या द्यावी, आणि विद्येबरोबर तिच्यामागचें कारण लिहून द्यावें. मूल सज्ञान झालें म्हणजे बँकेचे कागद त्याच्या हातीं जातीलच. त्याच दिवशीं ती तिसरी वहीही त्याच्या हातीं द्यावी. कागदांवरून त्याला कळेल कीं आपल्याला काय मिळालें. वहीवरून कळेल कीं ज्यांनीं दिलें तीं दोन माणसें कशीं होतीं, कशाला भीत होतीं, कोठें चुकलीं आणि कशासाठीं झिजलीं. पुढें त्याच्या स्वतःच्या घरांत पाळणा बांधला जाईल तेव्हां बँकेंतली रक्कम कदाचित् संपलेली असेल. ती वही त्या वेळीं त्याला पहिल्यापेक्षां अधिक उपयोगाची वाटेल.